शंभर वर्षांचा पाऊस आणि पंचवीस मिलिमीटरचे गटार

राजाच्या कोठारात एक कुंड ठेवावे, त्याचे तोंड हातभर रुंद असावे आणि त्यात पडणारा पाऊस मोजावा, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगून ठेवले आहे. पुढे शेतीखात्याच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना त्याने कोणत्या देशी किती पाऊस पडतो याची यादीच दिली आहे. जांगल प्रदेशात सोळा द्रोण, अवंतीत तेवीस द्रोण, अशी ती यादी चालते. पण अपरान्तापाशी आल्यावर या काटेकोर माणसाची लेखणी अडते. अपरान्त म्हणजे आपले कोकण. तेथला पाऊस तो 'अमित' म्हणून सोडून देतो. हत्तीच्या खुराकापासून जकातीच्या दरापर्यंत सगळ्यांची मापे ज्याने लिहून ठेवली, त्याने कोकणच्या पावसापुढे मात्र हात टेकले!

त्याच अपरान्तात आज मुंबई उभी आहे. तिच्या अभियंत्यांना 'अमित' म्हणून सुटका करून घेता येत नाही, कारण रस्त्याखाली नळ घालायचा तर त्याचा व्यास किती हे कंत्राटदाराला आकड्यात सांगावे लागते. व्यास ठरवायचा तर पाऊस किती हे ठरवावे लागते. आणि पाऊस किती हे कोण ठरवणार?

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्यांपुरता तो आकडा ठरलेला होता. तासाला पंचवीस मिलिमीटर. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. साडेसहाशे चौरस फुटांच्या गच्चीवर तासाला पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला, तर तासाभरात सुमारे दीड हजार लिटर पाणी जमते. पंधरा लिटरची एक बादली धरली, तर शंभर बादल्या झाल्या. हीच गोष्ट एका चौरस किलोमीटरच्या वस्तीला लावली, तर तासाला अडीच कोटी लिटर. तेव्हा आकडा किरकोळ नव्हता. मात्र त्याच्या पोटात दोन गृहीते होती. एक, यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल. आणि दुसरे, पाऊस पडत असताना समुद्राला ओहोटी असेल.

पहिल्या गृहीताचे काय झाले ते आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. अंगणे गेली, वाड्या गेल्या, चाळींच्या मागची मोकळी जागा फरसबंद झाली. जेथे निम्मे पाणी मुरत होते तेथे आता जवळजवळ सगळेच वाहते. मग हिशेब असा होतो, की पाऊस तोच, नळही तोच, पण जो नळ पंचवीस मिलिमीटरला भरायचा तो साडेबाराला भरतो. नळ जुना झाला, अरुंद झाला, त्यात गाळ साचला, या तक्रारी खऱ्याच आहेत. पण नळ अगदी नवा कोरा असता आणि नालेसफाई चोख झाली असती, तरीसुद्धा त्याची लायकी निम्मीच उरली असती. दुसऱ्या गृहीताबद्दल तर काय बोलावे! समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि शहराची बहुतेक पातमुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. ओहोटीची वेळ पाहून बरसण्याची पावसाला कोणी ताकीद दिल्याचे ऐकिवात नाही.

हे सारे उघडकीला आले ते २६ जुलै २००५ रोजी. पंचांगाप्रमाणे तो दिवस पुष्य नक्षत्रातला. आपल्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणण्याची रीत आहे. त्या मंगळवारी दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात या म्हाताऱ्याने सांताक्रूझच्या पर्जन्यमापकात १९०.३ मिलिमीटर पाऊस ओतला, म्हणजे नळाच्या लायकीच्या साडेसात पटींहून अधिक. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांची बेरीज ९४४ मिलिमीटर झाली. आणि तेथून दक्षिणेला वीस-बावीस किलोमीटरांवर असलेल्या कुलाब्याच्या वेधशाळेत त्याच चोवीस तासांत किती पडला? ७३.४ मिलिमीटर. कुलाब्याचा माणूस छत्री घेऊन घरी गेला. उपनगरातली माणसे मिठी नदीच्या पुरात सापडली, बंद मोटारींत गुदमरून गेली, साकीनाक्याला डोंगराच्या दरडीखाली झोपड्यांसकट गाडली गेली. शहरात शेकडो माणसे दगावली.

त्यानंतर वर्तमानपत्रांतून आणि सभांतून एक वाक्य वारंवार ऐकू आले, 'असा पाऊस शंभर वर्षांतून एकदाच पडतो.' हे वाक्य दिलासा म्हणून उच्चारले गेले आणि दिलासा म्हणूनच ऐकले गेले. एकदाचा पडून गेला, आता आपल्या हयातीत भीती नाही! साहित्याचा अध्यापक असल्यामुळे वाक्याचा अर्थ काय आणि लोक तो काय घेतात, याकडे लक्ष देण्याची मला खोड आहे. हे वाक्य मूळचे संख्याशास्त्रज्ञांचे. त्यांना त्यातून जे म्हणायचे आहे, ते आपण समजतो त्याच्या जवळजवळ उलट आहे.

पहिल्या नंबराचे गणित

शाळा-कॉलेजातल्या परीक्षेचे उदाहरण घेऊ. वर्गातल्या शंभर मुलांचे गुण मांडले तर बहुतेकांचे गुण मध्याच्या आसपास दाटतात; फार थोडे वर, फार थोडे खाली. मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरती अशी घंटेच्या आकाराची वक्ररेषा तयार होते. सरासरी नावाची वस्तू या रेषेच्या पोटात सुखाने नांदते. पण समजा, आपल्याला वर्गाशी कर्तव्यच नाही. गेली साठ वर्षे दर वर्षी पहिला आलेल्या मुलाचे गुण तेवढे एका वहीत लिहिले आहेत आणि प्रश्न असा आहे, की पुढच्या शंभर वर्षांत जो सर्वांत हुशार मुलगा येईल त्याला किती गुण मिळतील? येथे वर्गाची सरासरी काही कामाची नाही. पहिल्या नंबरांची जातच निराळी आणि त्यांची रेषाही निराळी. ती दोन्ही बाजूंना सारखी नसते. डावीकडे चटकन चढते आणि उजवीकडे लांब शेपूट सोडते.

पावसाच्या अभियंत्याची वही अशीच असते. वर्षातल्या तीनशे पासष्ट दिवसांपैकी सर्वांत मोठ्या पावसाचा एकच दिवस तो उचलतो. साठ वर्षांचे साठ आकडे. यंदा पाऊस सरासरीइतका झाला की कमी, हा शेतकऱ्याचा आणि धरणवाल्याचा प्रश्न. गटारवाल्याला त्या एका दुष्ट दिवसाशी, खरे तर त्या दिवसातल्या एका दुष्ट तासाशी, गाठ घालायची असते.

या पहिल्या नंबरांच्या गणिताचा उगम पाण्यात नाही, कापसात आहे, हे वाचून मला गंमत वाटली. लेनर्ड टिपेट हा इंग्रज संख्याशास्त्रज्ञ मँचेस्टरला सूतगिरण्यांच्या संशोधन संस्थेत काम करी. सूत ताणले तर ते कोठे तुटते? सरासरी जागी नव्हे. जेथे ते सर्वांत अशक्त असेल तेथे. म्हणजे सुताचे बळ ठरते ते त्याच्या टोकाच्या आकड्याने. टिपेटने रोनाल्ड फिशर या थोर संख्याशास्त्रज्ञाच्या जोडीने १९२८ साली एक निबंध लिहिला. त्यात एक विलक्षण गोष्ट दाखवली होती. आकड्यांचे ढीग कसेही असोत, प्रत्येक ढिगातून फक्त सर्वांत मोठा आकडा निवडत गेले, तर काही साध्या अटींवर त्या निवडलेल्या आकड्यांची रांग शेवटी तीनच घराण्यांपैकी एकात जाऊन बसते. पहिल्या घराण्याला वर छत असते. परीक्षेतल्या गुणांना शंभराचे छत असते तसे. दुसऱ्याला छत नसते, पण त्याचे शेपूट भराभर बारीक होत जाते. तिसऱ्यालाही छत नाही आणि त्याचे शेपूट जाडच्या जाड राहते. गिरण्यांच्या सुताने सुचवलेले गणित पुढे गिरणगावच्या, परळ-लालबागच्या तुंबलेल्या पाण्याला लागू पडावे, हा योगायोगच म्हणायचा.

दुसऱ्या घराण्याला आज सगळीकडे गुंबेल याचे नाव आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे नाव सूत्रापुरते ठाऊक असते. माणूस म्हणून ते फारच थोड्यांना ठाऊक असेल, म्हणून थोडे विषयांतर करतो.

एमिल यूलियुस गुंबेल १८९१ साली म्युनिकला एका ज्यू कुटुंबात जन्मला. पहिल्या महायुद्धाने त्याला कट्टर शांततावादी बनवले. युद्धानंतरच्या जर्मनीत राजकीय खुनांचा सुळसुळाट झाला होता. गुंबेलने हातातल्या विद्येचा उपयोग केला. त्याने खून मोजले. १९२२ साली त्याने पुस्तक छापले. उजव्या गटांनी केलेले खून ३५४, त्यांपैकी ३२६ ना काहीच शिक्षा नाही. डाव्यांनी केलेले खून २२, त्यांपैकी शिक्षेवाचून सुटले अवघे चार. भाषण नाही, शिव्या नाहीत, नुसता तक्ता. न्यायाधीशांच्या तराजूचे पारडे कोणीकडे झुकते ते त्या तक्त्याने सगळ्यांना दाखवले. हायडेलबर्गच्या विद्यापीठात तो संख्याशास्त्र शिकवी. तेथल्या नाझी विद्यार्थ्यांनी त्याच्याविरुद्ध काहूर माजवले आणि १९३२ मध्ये त्याचा शिकवण्याचा अधिकार काढून घेण्यात आला. पुढच्याच वर्षी त्याचे नागरिकत्व गेले आणि त्याची पुस्तके होळीत पडली. तो फ्रान्सला गेला. १९४० साली फ्रान्सही पडला, तेव्हा अमेरिकेला. तेथे १९४१ मध्ये त्याने नद्यांच्या पुरांवर निबंध लिहिला आणि १९५८ मध्ये टोकाच्या आकड्यांच्या संख्याशास्त्रावर एक जाडजूड ग्रंथ. १९६६ साली तो न्यूयॉर्कमध्ये वारला. जी गोष्ट क्वचित घडते पण घडली की सर्वनाश करते, ती मोजता येते आणि मोजली पाहिजे, हा हट्ट त्याच्या दोन्ही आयुष्यांत सारखाच दिसतो, असे मला वाटते. गटाराच्या नकाशावर अशा माणसाचे नाव असावे, याचे मला समाधान वाटते.

चिठ्ठ्यांची पेटी

आता ते शंभर वर्षांचे वाक्य. एका पेटीत शंभर चिठ्ठ्या आहेत. नव्याण्णव कोऱ्या, एकीवर 'पूर' असे लिहिलेले. दर वर्षी डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची, पाहायची आणि परत पेटीत टाकायची. 'शंभर वर्षांचा पाऊस' याचा अर्थ एवढाच. यंदा ती चिठ्ठी निघाली म्हणून पुढच्या वर्षी ती पेटीबाहेर राहत नाही. पाऊस काही विम्याचा हप्ता नव्हे, की एकदा भरला की पावती मिळावी. लागोपाठ दोन वर्षे ती निघू शकते. उलट शंभर वर्षे ती मुळीच निघाली नाही, असेही शंभरांत छत्तीस-सदतीस वेळा घडेल.

हेच घरगुती हिशेबात पाहू. वीस वर्षांचे कर्ज काढून आपण तळमजल्यावर घर घेतले. शंभर वर्षांचा पाऊस त्या वीस वर्षांत निदान एकदा पडण्याची शक्यता शंभरांत अठरा. पन्नास वर्षांच्या पावसाची तेहतीस. दहा वर्षांच्या पावसाची अठ्ठ्याऐंशी! म्हणजे 'दहा वर्षांतून एकदा पाणी शिरते' असे विकणाऱ्याने हसत हसत सांगितले, तर हप्ते फिटण्यापूर्वी ते जवळजवळ नक्की शिरणार. शिवाय शहरात अशा पेट्या एक नव्हे, अनेक आहेत. मुलुंडची वेगळी, अंधेरीची वेगळी, कुलाब्याची वेगळी. शेजारच्या पेट्या थोड्याफार एकमेकींच्या धाकात चालतात हे खरे. तरीही प्रत्येक पेटीत शंभरांत एकच चिठ्ठी वाईट असली, तरी शहरात कोठे ना कोठे ती शंभर वर्षांहून पुष्कळच लवकर निघते. मग आपण म्हणतो, हे शंभर वर्षांचे पाऊस हल्ली दर चार वर्षांनी कसे येतात?

पण पेटीत चिठ्ठ्या किती आहेत, हे कोणी मोजले? खरी मेख येथे आहे. साठ वर्षांच्या वहीवरून शंभर वर्षांचा, पाचशे वर्षांचा आकडा काढायचा तर वक्ररेषा वहीबाहेर लांबवावी लागते, आणि लांबवताना ती कोणत्या घराण्याची मानायची हे आधी ठरवावे लागते. एक कल्पित उदाहरण देतो. एका गावचा वर्षातला सर्वांत मोठा एकदिवसाचा पाऊस सरासरी २०० मिलिमीटर आहे आणि त्याचे प्रमाण-विचलन, म्हणजे सरासरीच्या वर-खाली होणारी त्याची हेलकाव्याची सवय, ८० मिलिमीटर आहे. गुंबेलची रेषा लावली तर दहा वर्षांचा पाऊस येतो ३०४, शंभर वर्षांचा ४५१. आता जाड शेपटाच्या तिसऱ्या घराण्याची रेषा लावू. शेपूट बेताचेच जाड ठेवू. दहा वर्षांचा पाऊस येतो सुमारे २९४, शंभर वर्षांचा ४८७. फार फरक नाही. साठ वर्षांच्या वहीवरून या दोहोंपैकी खरी कोणती, हे ब्रह्मदेवालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण याच गावी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर? पहिली रेषा म्हणते, असे पावणेतीन लाख वर्षांतून एकदा घडेल. दुसरी म्हणते, साडेतीन हजार वर्षांतून एकदा.

पावणेतीन लाख वर्षांपूर्वी आपल्या जातीच्या माणसाची पृथ्वीवर जेमतेम सुरुवात होत होती. तेव्हा ज्या रेषेने असा आकडा काढला ती रेषाच संशयास्पद, असे म्हणणे शहाणपणाचे. पाऊस नियमाबाहेर वागला, हे आपण पटकन म्हणतो. नियम कोणता धरला होता, हे विचारत नाही. २०१३ साली जगभरातल्या १५,००० हून अधिक पर्जन्यमापकांच्या दैनिक नोंदी तपासून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा कौल जाड शेपटाच्या बाजूने पडला. गुंबेलची रेषा सोपी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आणि तिने टोकाचा धोका कमी करून सांगितला, असा त्याचा अर्थ. गुंबेलने राजकारणात जे कधी केले नाही ते त्याच्या सूत्राने पावसाच्या बाबतीत केले!

तास आणि मिनिटे

दिवसाच्या पावसावरच थांबून गटारवाल्याचे भागत नाही. डोंगराच्या कुशीतल्या लहान वस्तीवर पडलेला थेंब वीस मिनिटांत नाक्यावरच्या नाल्यापाशी पोहोचतो. मोठ्या पाणलोटातला दूरचा थेंब दोन-तीन तास घेतो. सर्वांत लांबचा थेंब येऊन पोहोचेपर्यंत जर पाऊस टिकला, तर नाल्याला सगळीकडचे पाणी एकाच वेळी सोसावे लागते. आयर्लंडमधल्या मुल्व्हानी नावाच्या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मांडलेली ही साधी कल्पना आजही गटारांच्या हिशेबाचा पाया आहे. त्यामुळे पंधरा मिनिटांचा, अर्ध्या तासाचा, तासाचा, तीन तासांचा, असा प्रत्येक मुदतीचा टोकाचा पाऊस वेगळा काढावा लागतो आणि प्रत्येकाची वक्ररेषा वेगळी. आपल्याकडे मात्र जुन्या नोंदी बहुतांशी दिवसाच्या. सकाळी साडेआठला माणूस जाऊन माप घेणार. वादळ जर पहाटे पाचला सुरू होऊन दुपारी बाराला संपले, तर ते दोन दिवसांच्या दोन रकान्यांत वाटले जाते आणि दोन्ही आकडे गरीब दिसतात. एवढ्याच कारणासाठी दैनिक नोंदीवरून काढलेला टोकाचा पाऊस सुमारे तेरा टक्के वाढवून धरण्याची प्रथा अमेरिकन हवामानतज्ज्ञांनी पाडली. ज्या शहरात कुलाब्याला ७३ आणि सांताक्रूझला ९४४ पडतो, तेथे एकदोन मापकांवर सगळ्या शहराचे नळ आखणे म्हणजे एकाच्या मापाची चप्पल सगळ्या चाळीला घालण्यासारखे आहे.

तरीही समजा, सगळी मापे हाती आली, रेषाही बिनचूक सापडली. तरी शेवटचा प्रश्न संख्याशास्त्राचा उरत नाही. कितव्या वर्षाच्या पावसाला पुरेल असा नळ घालायचा? केंद्र सरकारच्या १९९३ च्या नियमपुस्तिकेत याचे उत्तर होते. कडेच्या निवासी वस्त्यांसाठी, वर्षातून दोनदा येतो एवढा पाऊस. मध्यवर्ती वस्त्यांसाठी, वर्षातून एकदा येणारा. व्यापारी आणि महाग भागांसाठी, दोन वर्षांतून एकदा येणारा. याचा सरळ अर्थ असा, की शहराच्या कडेला राहणाऱ्या कुटुंबाच्या दारात वर्षातून दोन वेळा पाणी तुंबले तर ते नियमाला धरूनच होते. अपघात नव्हे, हेळसांड नव्हे. ठरवून घेतलेला निर्णय. जागेची किंमत जास्त तेथे पाण्याला मज्जाव जास्त. २०१९ मध्ये पर्जन्यजलासाठी स्वतंत्र नियमपुस्तिका निघाली आणि ही प्रमाणे वाढवण्यात आली, ही चांगली गोष्ट. मुंबईतही १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने तासाला पन्नास मिलिमीटर आणि मुरणारे पाणी शून्य, असे नवे माप सुचवले होते. पाऊस दुप्पट, मुरणे शून्य. म्हणजे नळ जुन्याच्या चौपट पाणी नेणारा हवा. त्या कामाला खरा जोर आला तो मात्र २००५ नंतर. हाजी अली, लव्ह ग्रोव्ह, इर्ला येथली उदंचन केंद्रे त्यातूनच उभी राहिली. भरतीच्या वेळी दारे लावून घ्यायची आणि पाणी पंपांनी समुद्रात फेकायचे.

कोणी म्हणेल, मग शंभर वर्षांच्या पावसाचाच नळ घाला की! तो घालता येणार नाही. तासाला १९० मिलिमीटर वाहून नेणारे नळ घालायचे तर गल्ल्यांत माणसांना, पाण्याच्या पाइपांना आणि विजेच्या तारांना जागा उरणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे पाण्याला शिकवता येत नाही आणि अंथरूण तर अमुकच लांबीचे. कोठे तरी रेघ मारावी लागते. माझी तक्रार रेघेबद्दल नाही. ती आपल्याला न विचारता, न सांगता मारली जाते याबद्दल आहे. नेदरलँड्समध्ये १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राने बांध फोडले आणि १,८३६ माणसे बुडाली. त्यानंतर तेथल्या सरकारने समिती नेमली, गणितज्ञांना बसवले, आणि दाट वस्तीच्या किनाऱ्यावरचे बांध दहा हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या लाटेला पुरतील असे बांधायचे ठरवले. पुढे हे आकडे देशाच्या कायद्यात गेले. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्येही पाटी असते, 'क्षमता ६ व्यक्ती, ४०८ किलो'. सातवा माणूस आत शिरला तर निदान तो पाटी वाचून शिरतो. नाक्यावरच्या नाल्याला अशी पाटी का नसावी? 'क्षमता तासाला पन्नास मिलिमीटर. यापेक्षा अधिक पाऊस अमुक वर्षांतून एकदा' एवढे दोन ओळींत लिहिले, तर विजेचे मीटर तळघरात ठेवायचे की पहिल्या मजल्यावर, मोटार कोठे उभी करायची, शाळा दुपारी सोडायची की मुले वर्गातच थांबवायची, हे ज्याचे त्याला ठरवता येईल. निवडणुकीच्या प्रचारात 'तुंबणारी मुंबई' सगळेच बोलतात. कितव्या वर्षाचा पाऊस, हा प्रश्न उमेदवाराला विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

आणखी एक अडचण आता नव्याने उभी राहिली आहे. चिठ्ठ्यांची पेटी दर वर्षी तीच असते, हे सगळ्या गणिताचे गृहीत. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले, की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात फार मोठ्या पावसाचे प्रसंग वाढत गेले. त्याच संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटाने २०१७ साली १९५० ते २०१५ चा काळ तपासला आणि दूरवर पसरणारे अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढल्याचे सांगितले. म्हणजे रात्री कोणी तरी पेटी उघडून तीत 'पूर' लिहिलेल्या चिठ्ठ्या टाकत आहे. २००८ मध्ये काही नामांकित जलतज्ज्ञांनी तर जाहीरच करून टाकले, की भूतकाळासारखाच भविष्यकाळ ही कल्पना आता मेली. संख्याशास्त्रज्ञ आता वक्ररेषाच वर्षागणिक सरकती धरतात. त्यालाही मर्यादा आहे. साठ आकड्यांतून रेषेची जागा, रुंदी, शेपूट आणि शिवाय तिची चाल, इतके सगळे पिळून काढायचे म्हणजे एका लिंबाचे दहा पेले सरबत. शेजारच्या गावांच्या नोंदी उसन्या घेऊन ते लिंबू मोठे करतात. तरीही शंभर वर्षांचा आकडा एकच एक सांगणे हे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. तो 'चारशे ते सहाशेच्या दरम्यान' असा सांगावा. कंत्राटदार कुरकुरेल, पण खरे तेच आहे.

नळाने जे झेपणार नाही त्याला जागा करून द्यायची, हा विचार आता मुंबईतही दिसू लागला आहे. हिंदमाताच्या चौकातले पाणी साठवायला परळ-दादरच्या मैदानांखाली मोठाल्या टाक्या बांधल्या आहेत. भरती असेपर्यंत पाणी तेथे थांबवायचे, ओहोटीला सोडायचे. वर मुले क्रिकेट खेळतात. आणि २००५ नंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आहेत; दर पंधरा मिनिटांचा पाऊस ते आपणहून कळवतात. कुलाब्याची वही दीडशे वर्षांहून जुनी. भांडुपच्या, गोवंडीच्या, मालाडच्या वहीत दर पावसाळ्यामागे एक, असे आतापर्यंत विसेक आकडे जमले आहेत.